विश्लेषण : हवा गेली तर ट्रक जागीच जाम होतो, मग उतारावर ‘ब्रेक फेल’ होतो तो कसा?

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की मुंबई-बंगळुरू महामार्ग नवले पुलापर्यंत उतरत जातो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका ट्रकने पुढच्या अनेक गाड्यांना धडक दिली. सुरुवातीला सगळीकडे एकच कारण फिरलं, ‘ब्रेक फेल’. नंतर पोलिसांनी प्राथमिक तपासातून सांगितलं की, चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी तशीच सोडली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच भागात एका कंटेनरची धडक आणि त्यानंतरच्या आगीत आठ जणांचा जीव गेला. तेव्हाही पहिल्या बातम्यांत ‘ब्रेक फेल’ हेच शब्द होते.

‘ब्रेक फेल’ ऐकलं की हवा संपली असेल किंवा पाइप फुटला असेल, असं आपल्याला वाटतं. पण जड ट्रकमधली एअर ब्रेक यंत्रणा बरोबर उलट तत्त्वावर बांधलेली असते. हवा गेली तर ब्रेक सुटत नाही, उलट लागतो. मग घाटात नेमकं काय बिघडतं? आणि ज्याला आपण यंत्राचा बिघाड म्हणतो, तो किती वेळा खरोखर यंत्राचा असतो?

कारमध्ये तेल, ट्रकमध्ये हवा, असं का?

कारचा ब्रेक दाबला की पायाचा जोर ब्रेक ऑइलमार्फत चाकापर्यंत पोहोचतो. दीड टनाच्या गाडीला तेवढं पुरतं. ट्रेलर मालासकट ४० टनांचा असेल, तर चालकाच्या पायाचा जोर, त्याला कितीही मदत दिली तरी, कमी पडतो. शिवाय ब्रेक ऑइल मोजकंच असतं. गळती झाली की ते संपतं.

हवेचं तसं नाही. ती फुकट आहे आणि इंजिन चालू असेपर्यंत ट्रक ती स्वतः भरून घेत राहतो. किरकोळ गळती असली तरी यंत्रणा चालू राहते. ट्रेलर जोडताना आणि सोडताना हवेचे पाइप चटकन लावता-काढता येतात. तेल सांडण्याची किंवा एअर काढत बसण्याची कटकट नाही. म्हणूनच जगभर जड ट्रक, बस आणि ट्रेलर हवेवर थांबतात.

हवा येते कुठून?

इंजिनला एक कॉम्प्रेसर जोडलेला असतो. इंजिन फिरलं की तो फिरतो, बाहेरची हवा ओढून दाबतो. ही हवा आधी ड्रायरमधून जाते, कारण हवेतली वाफ पाइपात साचली तर व्हॉल्व्ह गंजतात आणि थंड प्रदेशात पाणी गोठून वाट बंद होते. कोकणातल्या पावसाळ्यात तर ड्रायरला जास्तच काम असतं. टाक्यांच्या तळाशी पाणी काढायचा ड्रेन व्हॉल्व्ह असतो, तो याचसाठी.

कोरडी झालेली हवा चासीखालच्या टाक्यांमध्ये साठते. दाब साधारण ८ बार, म्हणजे टायरवाल्याच्या भाषेत ११५ पौंडांच्या आसपास. कारच्या टायरमध्ये आपण ३०-३५ पौंड हवा भरतो, त्याच्या तिपटीहून जास्त. दाब ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की एक व्हॉल्व्ह जास्तीची हवा बाहेर सोडतो. उभ्या ट्रकजवळून जाताना अचानक ‘फुस्स’ असा आवाज येतो, तो बऱ्याचदा याचाच.

टाक्यांचे स्वतंत्र भाग असतात. पुढच्या चाकांचं सर्किट वेगळं, मागच्यांचं वेगळं. एक फुटलं तरी दुसरं काम करतं. सकाळी गाडी सुरू केल्यावर चालक काही मिनिटं जागेवरच थांबतात आणि ‘हवा बनू दे’ म्हणतात. टाक्या भरेपर्यंत ट्रक हलू शकत नाही.

पॅडल दाबल्यावर चाकाजवळ काय होतं?

ट्रकचं ब्रेक पॅडल हा एक नळ आहे. जितकं दाबाल तितक्या दाबाची हवा तो चाकांकडे सोडतो. पायाने जोर लावायचा नसतो, फक्त किती हवा सोडायची ते ठरवायचं असतं.

प्रत्येक चाकामागे डब्यासारखा ब्रेक चेंबर असतो. गॅरेजमध्ये त्याला अनेकदा ‘बूस्टर’ म्हणतात. आत रबराचा पडदा असतो, त्याला डायफ्राम म्हणतात. हवा आली की पडदा पुढे सरकतो आणि लोखंडी दांडा ढकलतो. पडद्याचं क्षेत्रफळ ३० चौरस इंच आणि हवेचा दाब १०० पौंड असेल, तर दांड्यावर ३ हजार पौंड, म्हणजे सुमारे १,३६० किलोचा जोर येतो. तोही एकाच चाकाला.

हा दांडा ‘स्लॅक अॅडजस्टर’ नावाची छोटी तरफ फिरवतो. तरफेला जोडलेला शाफ्ट फिरतो आणि त्याच्या टोकाचा इंग्रजी ‘एस’च्या आकाराचा कॅम ब्रेक शूज बाहेर ढकलतो. शूजवरचे लायनर फिरत्या ड्रमच्या आतल्या बाजूला घासतात आणि चाक थांबतं. पाय उचलला की चेंबरमधली हवा बाहेर सुटते. सिग्नलवर बसमधून येणारा आवाज तो.

यात एक उणीव आहे. हवेला पाइपातून लांबच्या चाकापर्यंत जायला वेळ लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक अर्ध्या सेकंदात सुमारे ८ मीटर पुढे जातो, म्हणजे दोन कारच्या लांबीइतका. ट्रकच्या अगदी पुढ्यात कार घालणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवायला हवा.

हवाच गेली तर?

मागच्या चाकांच्या चेंबरमध्ये हवेच्या कप्प्याला लागून आणखी एक कप्पा असतो. त्यात एक दणकट स्प्रिंग दाबून ठेवलेली असते. तिला दाबून ठेवण्याचं काम हवाच करते. हवा असेपर्यंत स्प्रिंग मागे. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लावते. डॅशबोर्डवरचा हँडब्रेकचा खटका ओढला की त्या कप्प्यातली हवा सोडली जाते, बाकी काही नाही. उभा ट्रक रात्रभर जागेवर राहतो तो स्प्रिंगच्या जोरावर.

चालत्या गाडीत गळती झाली तर आधी इशारा मिळतो. दाब साधारण ४-५ बारच्या खाली आला की दिवा लागतो, बझर वाजतो. चालकाने तरीही दुर्लक्ष केलं आणि दाब आणखी घसरला, तर स्प्रिंग आपोआप ब्रेक लावू लागते आणि गाडी जाम होते. ट्रेलर निसटून हवेचा मुख्य पाइप तुटला, तर ट्रेलरचे ब्रेकही स्वतःहून लागतात.

ही कल्पना रेल्वेकडून आली. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये रेल्वेसाठी एअर ब्रेक आणला. पहिल्या रचनेत पाइपमध्ये हवा भरली की ब्रेक लागत असे, त्यामुळे पाइप तुटला की ब्रेक गेला. काही वर्षांतच त्यांनी रचना उलटी केली. पाइपमध्ये कायम दाब ठेवायचा आणि तो कमी झाला की ब्रेक लागायचा. आज आपण लांब पल्ल्याच्या गाडीत साखळी ओढतो तेव्हा हेच होतं. ब्रेक पाइपमधली हवा सुटते आणि गाडी थांबू लागते.

मग इतकी सावध यंत्रणा असलेला ट्रक घाटात सुसाट कसा सुटतो?

खरा शत्रू : उष्णता

ब्रेक वेग ‘नाहीसा’ करत नाही. तो वेगाची ऊर्जा उष्णतेत बदलतो. उतारावर गाडीची उंचीही कमी होत असते, तीही ऊर्जा कुठेतरी जायला हवी.

बोरघाटाचं उदाहरण घेऊ. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे, खोपोली १०० मीटरच्याही खाली. घाट उतरताना ४० टनांचा ट्रक ढोबळ मानाने ५०० मीटर खाली येतो. यात मोकळी होणारी ऊर्जा सुमारे २० कोटी ज्यूल भरते. एवढ्या उष्णतेत २०० लिटरचे तीन पिंप पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत तापेल. थोडा भाग टायरचं घर्षण आणि वारा खातात. बाकीची ऊर्जा इंजिनने रोखली नाही, तर सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. ड्रममध्ये पाणी नसतं. तिथे लोखंड आणि लायनर तापतात.

तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि पुढे गेलं की दोन गोष्टी एकदम घडतात. पहिली, लायनरची पकड कमी होते. त्यालाच ‘ब्रेक फेड’ म्हणतात. चाकातून जळका वास आणि धूर येतो तो याच वेळी. दुसरी, तापलेला ड्रम प्रसरण पावतो आणि शूजपासून लांब जातो. ड्रमचा व्यास जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरने वाढतो, पण मधल्या तरफेमुळे दांड्याला त्याच्या कितीतरी पट जास्त सरकावं लागतं.

दांड्याची धाव मात्र ठरलेली आहे. ३० चौरस इंचांच्या नेहमीच्या चेंबरमध्ये ती सुमारे अडीच इंच असते. लायनर झिजलेले असतील, स्लॅक सैल असेल आणि थंड ब्रेकलाच दांडा दोन इंच बाहेर येत असेल, तर गरम झाल्यावर उरलेला अर्धा इंच केव्हाच संपतो. दांडा शेवटाला टेकतो. टाकीत हवा भरपूर, पाइप धडधाकट, पॅडल तळाला. तरी शूज ड्रमवर हवे तसे दाबले जात नाहीत.

अशा वेळी हँडब्रेकचा खटका ओढूनही फारसा उपयोग होत नाही. स्प्रिंग सुटते खरी, पण ती ढकलते तेच शूज, तेच जळालेले लायनर आणि त्याच तापलेल्या ड्रमवर. हवा जाण्याच्या धोक्यापासून स्प्रिंग वाचवते. उष्णतेपासून वाचवण्याची तिची रचनाच नाही.

पायाला कळत कसं नाही?

कारचा ब्रेक तापला किंवा तेल गळालं की पॅडल मऊ लागतं, खाली जातं. काहीतरी चुकतंय हे पायाला कळतं. ट्रकचं पॅडल हा नळ असल्याने पायाला जाणवणारा विरोध व्हॉल्व्हमधल्या स्प्रिंगचा आणि हवेचा असतो. चाकाजवळ लायनर जळत असले तरी पॅडल नेहमीसारखंच लागतं. दाबाचा काटाही ठीक दिसू शकतो. गाडी पूर्वीसारखी मंदावत नाही, एवढीच खूण. ती कळेपर्यंत वेग वाढलेला असतो.

घाबरून चालक पॅडल पुन्हा पुन्हा मारतो. दर वेळी हवा खर्च होते. इंजिन बंद असेल तर नवी हवा बनत नाही, न्यूट्रलमध्ये मंद चालत असेल तर हळू बनते. म्हणजे उष्णतेचं संकट असतानाच हवाही कमी पडू लागते.

अपघातानंतरच्या तपासणीतही एक अडचण असते. तासाभराने ड्रम थंड झाला की तोच ब्रेक पुन्हा बऱ्यापैकी लागू शकतो. त्यामुळे नंतर ब्रेक चालला म्हणून चालक खोटंच बोलतो, असा निष्कर्ष काढणं घाईचं ठरतं. ‘ब्रेक लागेना’ हे त्याचं म्हणणं त्या क्षणी खरं असू शकतं. प्रश्न असा असतो की ब्रेक त्या अवस्थेला कुणी आणि कशाने आणले. ड्रमवरच्या बारीक भेगा, निळसर डाग आणि काचेसारखे गुळगुळीत झालेले लायनर याचं उत्तर देतात. दांड्याची धाव मोजली तर देखभालीचाही अंदाज येतो.

न्यूट्रलने खरंच डिझेल वाचतं?

उतार आला की गिअर काढायचा, काही जण तर चावीही बंद करतात. कारण एकच, डिझेल. अनेक ठिकाणी चालकाला फेरीमागे ठरावीक डिझेल मिळतं किंवा अॅव्हरेजचा हिशेब द्यावा लागतो. वाचलेले चार लिटर त्याच्यासाठी पैसे असतात.

पण तीव्र उतारावर हा हिशेबच चुकतो. गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची आजची डिझेल इंजिनं इंधन बंद करतात. चाकंच इंजिनला फिरवत असतात, त्यामुळे इंजिन चालू राहतं, कॉम्प्रेसर हवा भरत राहतो आणि डिझेल जवळपास शून्य जळतं. न्यूट्रलमध्ये इंजिनला स्वतःला चालू ठेवण्यासाठी थोडं तरी डिझेल लागतंच. म्हणजे उतारावर गिअर काढणारा चालक डिझेलही जाळतो आणि इंजिनचा ब्रेकही घालवतो.

चावी बंद केली तर नुकसान आणखी मोठं. कॉम्प्रेसर थांबतो आणि टाकीत आहे तेवढ्याच हवेवर गाडी उरते. पॉवर स्टिअरिंग जड होतं. इंजिनमधून बाहेर पडणारा धूर अडवून वेग रोखणारा एग्झॉस्ट ब्रेकही निकामी होतो.

वेग किती झपाट्याने वाढतो? १०० मीटरला ४ मीटर उतार धरला, तर न्यूट्रलमध्ये सोडलेला भरलेला ट्रक मिनिटभरात ताशी ३० वरून ९० किलोमीटरच्या आसपास पोहोचू शकतो. वेग तिप्पट झाला की थांबवायची ऊर्जा नऊपट होते.

उतार कसा उतरावा?

जुन्या चालकांचा नियम सोपा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा, कारण वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही आणि धडपडीत गाडी न्यूट्रलला अडकते.

वेग रोखायचं मुख्य काम इंजिन आणि एग्झॉस्ट ब्रेकचं. पायाचा ब्रेक त्यांच्या मदतीला. तोही सतत हलका दाबून ठेवायचा नाही. वेग ठरवलेल्या मर्यादेला आला की ठामपणे दाबायचा, ताशी आठ-दहा किलोमीटरने वेग उतरवायचा आणि पूर्ण सोडायचा. वेग पुन्हा वाढला की पुन्हा तसंच. मधल्या वेळात ड्रमला थोडी उसंत मिळते आणि सगळ्या चाकांचे ब्रेक सारखे वापरले जातात. घाटाच्या माथ्यावर थांबून हवेचा दाब बघणं आणि टाक्या भरू देणं याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

दोष फक्त चालकाचा?

स्लॅक ओढून घेणं आणि लायनर बदलणं हे मालकाच्या खर्चातलं काम आहे. मालवाहू गाड्यांना पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. घाटातून रोज जाणाऱ्या गाडीचे ब्रेक त्याच्या कितीतरी आधी सैल होतात. आपोआप झीज भरून काढणारे स्लॅक अॅडजस्टर असले तरी ते तपासावे लागतातच. क्षमतेपेक्षा जास्त माल भरला तर त्या जादा वजनाची उष्णताही त्याच ड्रमना सोसावी लागते, आणि किती माल भरायचा हे बहुतेक वेळा चालक ठरवत नाही.

रस्त्याचाही वाटा असतो. सलग उतार आणि त्याच्या पायथ्याशी शहराची वर्दळ, अशी मांडणी एका चुकीलाही जागा ठेवत नाही. बोरघाट आणि थळ घाटात रेल्वेने अनियंत्रित गाडी वळवून चढावर थांबवण्यासाठी खास रूळ टाकले आहेत, त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. महामार्गांवर हेच काम खडी किंवा वाळूने भरलेले उताराच्या बाजूचे सुटकेचे रॅम्प करू शकतात.

तुम्ही कार किंवा दुचाकीवर असाल तर

– घाट उतरताना ट्रकच्या अगदी पुढे घुसू नका. त्याने राखलेलं अंतर हाच त्याचा ब्रेक असतो.

– ट्रकच्या चाकांतून धूर किंवा जळका वास येत असेल तर त्याच्या पुढे राहू नका. बाजूला होऊन त्याला वाट द्या.

– मागून ट्रक सतत हॉर्न वाजवत, दिवे मारत येत असेल तर त्याला रागाने अडवू नका. तो कदाचित थांबूच शकत नसेल.

– उताराच्या पायथ्याशी रांगेत थांबताना आरशात मागे बघत राहा आणि पुढच्या गाडीपासून निसटायला जागा ठेवा.

पुढच्या वेळी ‘ब्रेक फेल’ अशी बातमी आली, तर तीन प्रश्न विचारता येतील. गाडी कोणत्या गिअरमध्ये होती? दांड्याची धाव शेवटची कधी मोजली होती? आणि गाडीत माल किती होता? हवा गेली की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.